पुडी माझी हाय

भर मंडपात एका फौजदाराला गांजाचा वास घेताना मी बघितलंय. चोरून नाही, सगळ्या गावासमोर, पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसून. उत्रेसर स्टेजवरून खाली उतरला, सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली, साहेबांच्या नाकाखाली धरली आणि म्हणाला, "साहेब, तुमचं नाक सरकारी हाय. वास घ्या आन् सांगा, माल खरा हाय का खोटा." साहेबांनी चांगला खोल वास घेतला आणि माईकमध्ये म्हणाले, "चहापत्ती आहे." उत्रेसरनं पुडी परत खिशात टाकली. "आता कळलं का मंडळी, जिल्ह्यात कुनी कावून घावत न्हाई ते!" मंडप नुसता उधळला. साहेब तर डोळे पुसत होते. शेवटी त्यांच्याच हातून उत्रेसरला शाल-श्रीफळ. मी साउंडच्या टेबलामागं बसलेलो, आणि माझी बनियन घामानं भिजलेली. कारण त्या पुडीत चहापत्ती नव्हती.

नाव त्याचं उत्तरेश्वर. आमच्या केजकडं हे नाव गल्लोगल्ली सापडतं, पण पूर्ण कुणी उच्चारत नाही. उत्रेसर. फलकावर 'विनोदसम्राट उत्रेसरनाना'. गाव युसूफ वडगाव. जत्रा असो, पुढाऱ्याचा वाढदिवस असो, गणपती असो, नाहीतर दुकानाचं उद्घाटन, दोन तास एकटा माणूस उभ्यानं हसवणार. सोबत दोघंच. ढोलकीला मेहबूबभाई आणि आवाजाला मी. अठरा वर्षं त्याच्या कार्यक्रमाला माझेच स्पीकरचे डबे, माझाच माईक. पण मला त्यानं नावानं कधी हाक मारली नाही. "ए भोंग्या" म्हणायचा. माझ्या लेकीच्या साखरपुड्यात व्याह्यांसमोर म्हणाला, "ह्यो आमचा भोंग्या." मी महिनाभर बोललो नाही. त्याला त्याचं काही नाही. पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा, "ए भोंग्या, माईकला काय सर्दी झाली का बे?"

गांजाचा भाग हा त्याच्या कार्यक्रमाचा प्राण. बायकोनं चुकून चहाच्या डब्यात त्याची पुडी रिकामी केली आणि सासऱ्याला चहा दिला, अशी ती गोष्ट. सासरा गावचा सरपंच. चहा पिऊन ग्रामसभेत गेला आणि खरं बोलायला लागला. "मंग काय, गाव घाबरलं! उचलला आन् दवाखान्यात नेला!" इथं मेहबूबभाईची ढोलकीवर थाप पडायची आणि माणसं खुर्च्यांवरून घसरायची. मग स्वतःचंच सांगायचा. मी किती ओढतो, कुठं ओढतो, जनरेटरच्या मागं कसा ओढतो. "आत्ता बी ओढूनच उभा हाय. न्हाईतर तुमची ही तोंडं बघून हसवायला जमलं आस्तं का?" लोकांना वाटायचं, काय सोंग वठवतो बुवा! ते सोंग नव्हतं. सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

मी एकदा त्याला म्हणालो, "नाना, एक दिवस आत जाशील."

"न्हाई जात. आपल्याकडं लायसन हाय."

"कशाचं लायसन?"

"हसवायचं. हसलेला मानूस पंचनामा करत न्हाई बे."

आणि खरंच, कुणी केला नाही. केजची कॉलेजातली पोरं त्याला मोबाइलवर मोठ्या शहरातल्या विनोदी कलाकारांचे व्हिडिओ दाखवायची. तेही खुर्ची टाकून सांगत असायचे, काल काय ओढलं, कुणाच्या गच्चीवर ओढलं. लोक टाळ्या पिटायचे. "नाना, यांना पण कोण धरत नाही बघा." उत्रेसर शेवटपर्यंत बघायचा, पण चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. "लायसन एकच हाय," म्हणायचा. "त्यांचं इंग्रजीत हाय यवढंच."

लोकांना वाटतं, असा माणूस घरीदारी पण हसवत असेल. छे! मांजरसुंब्याच्या ढाब्यावर जेवायला बसलो की भिंतीकडं तोंड करून बसायचा. भाकरी, ठेचा, कांदा. वरण नको, भाजी नको. कुणी ओळखलं की मान खाली. कार्यक्रमाच्या आधी त्याचे हात असे लटलटायचे की सदऱ्याची गुंडी मेहबूबभाई लावून द्यायचे. तरुणपणी ऊसतोडीला जायचा, तिथं थंडीत शेकोटीभोवती म्हाताऱ्यांनी चिलीम हातात दिली ती सुटलीच नाही. "लोकांम्होरं जायचं म्हनलं की पोटात गोळा येतो," म्हणायचा. "एक झुरका मारला की गोळा पातळ व्हतो."

त्याला सगळ्यात जास्त भीती कशाची, तर शांततेची. पोलिसाची नाही, पुढाऱ्याची नाही. समोर माणसं गप्प झाली की याचा जीव खालीवर. त्यानं मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, "मंडप गप झाला की तीन मोजायचं. तीनच्या आत काय तरी टाकायचं. चार झालं की मानूस उठून जातंय." आणि हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं की स्टेज आणि घर यातला फरकच उरला नाही. त्याची आई गेली तेव्हाची गोष्ट. दहाव्याला आम्ही सगळे नदीवर. पिंड ठेवलेला, कावळा काही शिवेना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. सगळी भावकी हात जोडून, एक शब्द नाही कुणाचा. मी उत्रेसरकडं बघितलं तर ओठ हलताहेत. मला कळलं, हा मोजतोय. मनात म्हणालो, देवा, याचं तोंड बंद कर. पण नाही. "आईला कावळं आवडत न्हवतं," हा म्हणाला. "त्येंलाबी म्हाईत दिसतंय." दोन-तीन जणांना हसू फुटलं. थोरल्या भावानं तिथंच पायातली चप्पल काढली. मेहबूबभाई मध्ये पडले म्हणून निभावलं. तो भाऊ मरेपर्यंत याच्याशी बोलला नाही. परत येताना गाडीत हा रडला, तोंडात उपरणं कोंबून. "म्या न्हाई बोललो बे," म्हणत होता. "त्वांडच बोललं."

मेहबूबभाईंचं सांगतो. केजच्या स्टँडसमोर त्यांचा फळांचा गाडा. दिवाळीच्या आधी सीताफळं, उन्हाळ्यात टरबूज, आंबे. ढोलकी वडलांकडून आलेली. सुपारीचं खांड तोंडात टाकणार नाही असा माणूस, विडी-चिलमीची गोष्टच सोडा. आणि गंमत बघा, उत्रेसरचा गांजा सांभाळायचे तेच. त्याच्याकडं राहिला तर एका दिवसात संपवेल, म्हणून. ढोलकीच्या कापडी पिशवीत पुडी, आणि वाटप मेहबूबभाईंच्या हातानं. स्टेजवर चढायच्या आधी एक, उतरल्यावर एक. तिसरी मागितली की म्हणायचे, "नक्को बोला ना! घर में बीवी है तेरे." उत्रेसर शिव्या द्यायचा, पाया पडायचा, पण मिळायची नाही. मला तर वाटतं तो इतकी वर्षं जगला तो मेहबूबभाईंमुळं.

त्या वर्षी जत्रांचा हंगाम दाबून होता. होळीनंतर दोन महिने रोज कुठंतरी कार्यक्रम. आणि उत्रेसरनं काय शहाणपणा करावा? सगळ्या हंगामाचा माल एकदम घेऊन आला. किलोच्या वर. मेहबूबभाईंनी डोक्याला हात लावला. "इत्ता कायकू?" पण त्याच्या हाती ठेवणं म्हणजे मांजराला दुधाची राखण. त्यांनी ते गाठोडं घेतलं आणि ढोलकीच्या पिशवीत तळाशी घातलं. मी बघत होतो.

उमापूरला एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. उत्रेसरला न्यायला पुढाऱ्याची गाडी आली, पांढरी, पुढं झेंडा लावलेली. तो तिच्यात बसून पुढं गेला. मागून माझा पिकअप, मी चालवतोय, शेजारी मेहबूबभाई, मागं डबे आणि ढोलकी. निवडणुकीचे दिवस. मांजरसुंब्याच्या अलीकडं नाकाबंदी लागलेली. भर दुपार. पांढऱ्या गाडीला सलाम बसला आणि ती निघून गेली, हे मी स्वतः बघितलं. आम्हाला थांबवलं. जमादार माझ्या ओळखीचा, सव्वीस जानेवारीला त्यांच्याकडं माझाच भोंगा असतो. "काय, कुठं?" म्हणाला. सांगितलं. मग शेजारी बघून विचारलं, "हे कोण? नाव काय?" मेहबूबभाईंनी नाव सांगितलं. जमादारानं दोघा शिपायांना हाक मारली. "मागचं सामान उतरवा रे."

ढोलकी उतरली, पिशवी उतरली, पिशवी उपडी झाली.

"थैला कुणाचा?"

"हौ, थैला मेराच है," मेहबूबभाई म्हणाले. खरंच होतं. पिशवी त्यांचीच होती. त्या माणसाला खोटं बोलताच यायचं नाही, आणि विचारलं तेवढंच सांगायचं ही त्यांची रीत. आतलं कुणाचं, हे त्यांना कुणी विचारलंच नाही.

मला विचारलं. "तुला माहीत होतं?"

आता तुमच्यापासून लपवून काय करू? मी म्हणालो, "मला काय माहीत नाही साहेब." गाडी माझी, डबे माझे, लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. मेहबूबभाईंनी माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, नुसतं बघितलं. त्यांना जीपमध्ये बसवलं आणि जमादार मला म्हणाला, तू जा, कार्यक्रमाला उशीर होईल.

उमापूरला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं, मंडप गच्च. उत्रेसर स्टेजच्या मागं उभा, गुंडी उघडीच. "मेहबूब कुठाय?" मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग वळला आणि सरळ पायऱ्या चढला, ढोलकी नाही, पुडी नाही, झुरका नाही. माईक धरला आणि म्हणाला, "माज्या ढोलकीवाल्याला पोलिसानं धरलंय. गांजा घावला. त्याचा न्हाई त्यो. पुडी माझी हाय."

काय हशा पिकला म्हणून सांगू! पहिल्या रांगेत पुढारी, तहसिलातले साहेब, दोन फौजदार. सगळे मांड्या थोपटायला लागले.

"खरं सांगतोय, आईशप्पत. पुडी माझी हाय. मला धरा."

त्यानं दोन्ही हात बेड्यांसाठी पुढं केले. एक फौजदार हसत हसत उठला, कमरेचा पट्टा काढून त्याच्या मनगटांना गुंडाळल्यासारखं केलं, आणि लोकांनी शिट्ट्यांनी मंडप डोक्यावर घेतला. उत्रेसर रडायला लागला. खरे अश्रू, नाक गळतंय, शब्द फुटत नाही. तो जितका रडला तितके लोक हसले. माझ्या जवळ बसलेला एक म्हातारा म्हणाला, "काय कला हाय हो! डोळ्यातून पानी काढलं!" मी आवाजाचं बटण खाली करायचं सोडून तसाच बसून राहिलो. आज वाटतं, तेव्हाच वायर उपटायला पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आणि मी ठाण्यात. कुठलं ठाणं ते विचारू नका, सगळीकडं तेच झालं असतं. साहेबांनी बघताच खुर्ची दिली. "या या, सम्राट! चहा सांगा रे." उत्रेसर उभाच राहिला. "साहेब, कालचा माल माजा हाय. मेहबूबला सोडा, मला टाका. लिवून घ्या."

साहेब आधी हसले. मग हसत हसतच म्हणाले, "उत्रेसर, लई झाल्या पुड्या सोडून!"

झालं. तो एक शब्द घात करून गेला. पुडी सोडणे म्हणजे थाप मारणे, हे लहान पोराला माहीत. आणि हा तिथं उभा राहून काय म्हणतोय, तर पुडी माझी हाय. बाहेरचे शिपाई आत आले, मुद्देमालाचा कारकून आला, लॉकअपवरचा पहारेकरीसुद्धा दारातून डोकावला. "नाना, ते सासऱ्याचं करा ना." "नाना, सेल्फी." मी पेनड्राइव्ह नेला होता. वीस कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग, वीस वेळा हा माणूस कबूल करतोय की मी ओढतो, मी बाळगतो. म्हटलं, याहून मोठा पुरावा काय द्यायचा? साहेबांनी तो पेनड्राइव्ह ठेवून घेतला. संध्याकाळपर्यंत त्यातले तुकडे अख्ख्या जिल्ह्याच्या मोबाइलवर फिरत होते.

उमापूरचा तुकडा सगळ्यात जास्त पळाला. 'पुडी माझी हाय'. लग्नाच्या वरातीत डीजेवर वाजायला लागला. शाळेत पोराचा डबा सांडला की बाकीची ओरडायची, पुडी माझी हाय! उत्रेसरला एकाच आठवड्यात इतके फोन आले की आयुष्यात आले नसतील. आणि मेहबूबभाईंना जामीन नाही. वकील म्हणाला, किलोच्या आत असतं तर दोन दिवसांत बाहेर आले असते. त्यात हा वकिलाला विचारतो, "म्या कोर्टात जाऊन बोललो तर?" वकील म्हणाला, "आत्ता बोललात तर पोलीस दोघांनाही आत घेतील. त्यांना एकाच्या जागी दोन मिळतील." "मंग दोगं जाऊ की!" उत्रेसर ओरडला. शेवटी ठरलं की खटला उभा राहिला की यानं बचावाच्या बाजूनं साक्ष द्यायची. शपथेवर सांगायचं, माल माझा.

त्या काळात एकदा मेहबूबभाईंची बायको, शमीमभाभी, याच्या घरी आली. मी होतो तिथं. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. "भाई," म्हणाली, "गल्ली के बच्चे मेरे बच्चों कू देख के वोईच बोलतें. तुमारी वो बात. मेरा आदमी अंदर है और लोगां हँसतें. तुम हँसाना बंद करो भाई." उत्रेसरनं मान डोलावली. त्या दिवसापासून एकही कार्यक्रम घेतला नाही. गांजाही सोडला. कसा सोडला तोच जाणे, पंधरा दिवस कुत्र्यासारखा कण्हत होता. म्हणायचा, साक्षीला शुद्धीत जायचंय.

खटला उभा राहायला सव्वा वर्ष गेलं. साक्षीच्या आधी पंधरा दिवस माझ्या गोदामात आमची तालीम. मी सरकारी वकील व्हायचो, डब्यावर बसून उलटसुलट विचारायचो. माल कुठून आणला? अमक्या गावच्या अमक्याकडून. कधी? होळीच्या आदल्या दिवशी. कुणी बघितलं? त्याच्या भावानं बघितलं. सगळं नीट, हळू, एकेक शब्द. एकदाही वाकडं बोलला नाही. मला खात्री वाटली, या वेळी मेहबूबभाई सुटतात.

कोर्टात न्यायाधीश बाई होत्या, नव्यानं बदलून आलेल्या, लांब कोकणाकडच्या. पुकारा झाला, "उत्तरेश्वर..." आणि मागच्या बाकांवर लगेच खसखस. बाईंनी वर बघितलं. "इथं काय चाललंय?" सगळे चिडीचूप. मला केवढं बरं वाटलं! म्हटलं, ही बाई याला ओळखत नाही. देवच पावला. मेहबूबभाई आरोपीच्या जागी उभे, निम्मे झालेले, दाढी सगळी पांढरी. उत्रेसरनं शपथ घेतली. बाईंनी स्वतः सांगितलं की तुम्ही जे बोलाल ते तुमच्यावर उलटू शकतं. "चालंल बाईसाहेब," हा म्हणाला. "त्यासाठीच आलोय." आणि सांगायला लागला. तो माल माझा. मेहबूब ओढत नाही. मी जास्त ओढू नये म्हणून सांभाळायचा. बाई लिहून घेत होत्या. खरंच लिहून घेत होत्या हो! अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याचं बोलणं न हसता ऐकत होतं.

सरकारी वकील उठला. "तुम्ही गांजा विकत घेत होता, याला तुमच्याकडं पुरावा काय?"

याचं उत्तर आम्ही शंभर वेळा घोकलं होतं. विकणाऱ्याचं नाव, गाव, दिवस. बाईंचं पेन कागदावर टेकलेलं. टंकलेखकाची बोटं थांबलेली. कोर्टात कुणी बोलत नाही, वरचा पंखा तेवढा कुईकुई करतोय. उत्रेसरनं सगळीकडं बघितलं. इतकी माणसं, इतकी गप्प. मी त्याच्या मागच्या बाकावर, मला त्याची मान दिसत होती. मानेची शीर उडत होती. एक. दोन.

"बाईसाहेब," उत्रेसर म्हणाला, "पुरावा तर म्या ओढून टाकला की."

बांध फुटला. पोलीस हसले, कारकून हसले, सरकारी वकील फाइल तोंडावर धरून हसला. टंकलेखक बाईनं पदर तोंडाला लावला. उत्रेसरनं स्वतःच्या थोबाडीत मारली, एक, दोन, तीन. "न्हाई बाईसाहेब, न्हाई, थांबा, नाव सांगतो," आणि सांगायला लागला. नाव, गाव, होळीचा आदला दिवस, सगळं बरोबर. पण त्या थोबाडीत मारण्यानं लोक आणखीच हसत होते. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "साक्षीदार, हे तुमचं स्टेज नाही," म्हणाल्या. "खाली या."

मेहबूबभाईंना तीन वर्षांची शिक्षा लागली. निकालात लिहिलं होतं की साक्षीदार विनोदी कलाकार असून मैत्रीखातर बोलत असल्याचं दिसतं. उत्रेसरवर आजतागायत एक गुन्हा नोंद नाही. साधा बिनदिव्याच्या सायकलचाही नाही.

मध्यंतरी केजला स्टँडसमोर गेलो होतो. मेहबूबभाईंच्या गाड्यावर हल्ली उत्रेसरच असतो. शमीमभाभीनं आधी नको म्हटलं होतं, मग पोरांकडं बघून गप्प बसली. सीताफळाचे दिवस, शेजारचे गाडेवाले घसा फोडून ओरडत होते. हा ओरडत नाही. नुसता उभा. ओठ मिटलेले. गिऱ्हाईक आलं तर मोजून देतो. दोन पोरं मोबाइल पुढं धरून म्हणत होती, "नाना, एकदाच, एकदाच म्हणा ना." त्यानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी विचारलं, "जेलात जाऊन आलास का?"

"जातो की. मुलाखतीच्या दिवशी जातो. नाव देतो. त्याला बलिवत्यात. तो येत न्हाई." तो सीताफळं दाबून बघत होता. "येळ संपूस्तर बसतो आन् येतो."

मग तोच म्हणाला,

"कोर्टात समदे हसले बे. मेहबूब तेवढा हसला न्हाई. माज्याकडं बघत हुता नुसता. तू माज्या मागं बसलतास. तू हसलतास का?"

मी हसलो होतो. आवरलंच नाही. बाकाखाली वाकून, खोकल्याचं निमित्त करून, पोट दुखेपर्यंत हसलो होतो, आणि मान वर केली तेव्हा मेहबूबभाईंची नजर माझ्यावर होती.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. कच्ची सीताफळं खाली, पिकलेली वर, अशी पिशवी भरली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मंग तू जा. तुला भेटंल त्यो. त्याला सांग, मी जानून न्हाई बोललो."

त्याला दोन महिने झाले. मी अजून गेलेलो नाही.